कान धुण्याची वेळ

दुपार कलली की काका मोटर बंद करायचे. बटण दाबल्यावर ती लगेच थांबत नसे. कापडाचं चाक आपल्याच तंद्रीत फिरत राही, आवाज पायरी पायरीनं खाली उतरे, आणि काका चाकावरच्या पत्र्याच्या झाकणावर तळहात ठेवून ते पुरतं थांबेपर्यंत उभे राहत. थांबल्यावरही हात काढत नसत. मान थोडी कलती करून, डोळे मिटून, आणखी काही वेळ तसेच. त्या वेळात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. काकूंनी आतून काही विचारलं तर मोकळा हात वर करून म्हणत, "थांब गं. कान धुतोय."

दिवसभराची घरघर कानात साचून राहते, ती निथळून गेल्याशिवाय घराबाहेर पडण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कारण ते बाहेर पडत ते गाड्या ऐकायला.

काका कवळ्या बनवत. दाताचे डॉक्टर तोंडाची मापं, म्हणजे हिरड्यांचे ठसे, पाठवत. काका त्यात प्लास्टर ओतून माणसाचा जबडा उभा करत, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवत, एकेक दात बसवत, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक शिजवून घेत आणि शेवटी मोटरवर घासून चकाकी आणत. घराची पुढची खोली हाच कारखाना. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर ओळीनं मांडलेले पांढरे जबडे, आणि तयार कवळ्या पाण्याच्या वाट्यांत बुडवलेल्या, कारण वाळल्या तर त्या वाकड्या होतात. सगळ्यावर, दाराच्या कडीवरसुद्धा, प्लास्टरची भुकटी. मी शिकायला म्हणून चुलत्यांच्या या घरी राहायला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी तहानेच्या भरात चुकीची वाटी उचलली होती. "ठेव ठेव," काका घाईनं म्हणाले, "वकीलबाईंची आहे. त्यांना आधीच सगळं टोचतं."

गावातलं निम्मं हसू त्यांच्या हातचं होतं. रस्त्यात कुणी समोरून हसत आला की काका ओळख नंतर दाखवत, आधी दात बघत. पुढचे नीट बसलेत का, खालची कवळी उचलते का. काकू म्हणत, "यांना माणसाचा चेहरा आठवत नाही, दाढा आठवतात."

स्टेशनाच्या फलाटाच्याही पुढे सिमेंटच्या पोत्यांचं एक जुनं गोदाम होतं. रूळ त्याला वळसा घालून येत, त्यामुळे तिथं गाडी दिसण्याच्या बरीच आधी ऐकू येई. गोदामाची भिंत आणि रूळ यांच्यामध्ये गवताची चिंचोळी पट्टी, आणि रुळांच्या बाजूला कुंपण. खांब म्हणून जुन्या रुळांचेच तुकडे खोल पुरलेले, त्यांच्यातून तार. या पट्टीवर रोज तीन-चार माणसं जमत, कुंपणाला टेकत, आणि रुळांकडे पाठ करून गोदामाच्या भिंतीकडे बघत उभी राहत.

नवख्याला वाटे, मंडळी कुणावर तरी रुसलीत. म्हणायला गाड्यांचे वेडे, आणि गाडी येते तेव्हा तिच्याकडे पाठ! पण तोच त्यांचा नियम होता. दिसल्यावर इंजिन कुणीही ओळखेल. ते वळणाच्या आड असतानाच, नुसत्या आवाजावरून सांगायचं. घड्याळ बघायचं नाही, मोबाईल खिशातून काढायचा नाही. ज्याला कळलं त्यानं बोलायचं, मग सगळ्यांनी वळायचं, पण सगळ्यात आधी वळायचा मान बोलणाऱ्याचा. चुकला तर चहा त्याच्याकडून. गावानं त्यांचं नाव पाठमोरी मंडळी ठेवलं होतं, आणि त्यांनी ते काही न म्हणता घेतलं होतं.

रोजचे असे तिघंच. एक सलूनवाला. स्टेशनासमोर त्याचं दोन खुर्च्यांचं दुकान, वयानं काकांहून बराच लहान, तोंडानं फटकळ. दुसऱ्या होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई. त्यांनी सलूनवाल्याला एकेकाळी वर्गाबाहेर उभं केलं होतं आणि ते दोघंही अजून विसरले नव्हते. तिसरे काका.

इंजिनांना आकड्यांची सरकारी नावं होती. मंडळींनी आपली वेगळी ठेवली होती. धापा टाकत येणारं जुनं डिझेल इंजिन म्हणजे दमेकरी. वळणावर उगाच लांबलचक भोंगा वाजवणारी ती सासूबाई. विजेवर चालणारी, अगदी जवळ येईपर्यंत तोंड न उघडणारी ती मुकी. आणि मालगाडीला पुढं दोन इंजिनं लागली की ती जोडी. जोडी सगळ्यात अवघड. दोन्हींचे ठोके एकमेकांत कालवलेले असतात, ते वेगळे काढायला कान लागतो. काका तर मागच्या इंजिनाची तब्येतसुद्धा सांगत. "पुढची बरी आहे. मागचीला रात्रभर झोप नाही." ते खरं की खोटं हे तपासायला कुणाकडे काहीच नव्हतं, पण काकांचं कुणी खोटं धरत नसे.

त्यांचा कान नेमका कधी जायला लागला ते सांगता येणार नाही. मोटरनं खाल्ला, एवढं खरं. पण खाताना तिनं वरची साय आधी खाल्ली. बारीक, चिरके आवाज आधी गेले. दाराची घंटा गेली, किटलीची शिटी गेली, पाखरं गेली, मग काकूंचा आवाज जायला लागला. जड, खालचे आवाज मात्र जागेवर होते, आणि गाडी तर सगळी खालच्याच आवाजात बोलते. त्यामुळे घरात भांडण ठरलेलं.

"मी इथं कानाशी कोकलतेय ते ऐकू येत नाही, आणि त्या टोकाची मालगाडी ऐकू येते!"

"ती स्पष्ट बोलते."

"आणि मी?"

काका त्यांच्या ओठांकडे बघत, आणि शब्द नाही लागला की हसत. हसणं हे हळूहळू त्यांचं सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर झालं. एकदा काकूंनी विचारलं, ताप आलाय का, तेव्हाही ते हसले.

ओठ वाचणं त्यांना इतरांहून सोपं जात होतं; जन्म तोंडं बघण्यातच गेलेला. पण दिवसभर डोळ्यांनी ऐकायचं म्हणजे हमाली. कुणी वळून बोललं, तोंडावर हात ठेवून बोललं, एकदम दोघं बोलले, की ते मागं पडत आणि पुन्हा पळत सुटत. रात्री जेवताना ते ताटाकडेच बघत राहत. दुकानाचं शटर खाली ओढावं तशी पापणी ओढलेली असे. काकू काही सांगत असत, आणि मध्येच स्वतःच गप्प होत.

या सगळ्यात ती पट्टी तेवढी वेगळी होती. तिथं कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नसे. भिंतीकडे बघायचं आणि उभं राहायचं. दिवसातला तेवढाच वेळ ते कुणाच्या मागं पळत नव्हते, उलट सगळ्यांच्या पुढं असत.

मग खालचे आवाजही सरकायला लागले. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुंपणाशी काका अजून बरोबर सांगत होते. फक्त त्यांची उभं राहायची जागा बदलली. आधी ते मध्ये असत, आता कडेच्या खांबाशी, एक हात मागं नेऊन तळवा लोखंडाला टेकलेला. लांबून गाडी निघाली की त्या खांबाच्या अंगातून बारीक थरथर जाई, आणि वर्षानुवर्षं मोटरच्या झाकणावर ठेवलेल्या त्या तळहाताला ती थरथर वाचता येत होती. दमेकरी अडखळत येई, मुकी एकसारखी धार धरून, जोडी दोन नाड्या एकत्र लागाव्यात तशी. उन्हाळ्यात ते लोखंड तापे. काका घरी येत तेव्हा तळवा लालभडक असे.

"गरम साचा पुन्हा नुसत्या हातानं धरलात ना?" काकू विचारत.

काका हसत.

पुढं एकदा, सगळं होऊन गेल्यावर, त्यांनी हे माझ्याजवळ बोलून दाखवलं. "नियमात हाताबद्दल काही म्हटलेलं नव्हतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण विचारलंही नव्हतं मी कुणाला." कान गेला की त्या पट्टीवर उभं राहायचा आपला हक्कही गेला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. बाकी काही गेलं तरी चालेल, ती जागा जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या दिवशी गोदामाच्या मागं रस्त्याचं काम निघालं होतं. सलूनवाला आल्याआल्या कुरकुरला, "आज कसलं ऐकताय, हा रोलर बसलाय उरावर." बाई म्हणाल्या, थोडं थांबू, थकतील आणि बंद करतील. दोघं भिंतीकडे तोंड करून बोलत होते. काका कडेला होते. त्यांच्यापर्यंत यातलं काही पोचलं नाही. रोलर पलीकडच्या टोकाला गेला, वळला, आणि खडीवरून दबकत गोदामाच्या बाजूला यायला लागला.

"जोडी," काका म्हणाले. आवाजात खात्री होती. "भरलेली आहे. चढ चढून आलीय. मागचीच्या अंगात काही राहिलेलं नाही."

सलूनवाला त्यांच्याकडे बघतच राहिला आणि मग फुटला. "वा काका! भरलेली म्हणजे काय, त्याचा ड्रायव्हरच केवढा आहे!" तो पोट धरून वाकला. बाईही हसल्या. काकांनी आज बऱ्याच दिवसांनी थट्टा केली असं दोघांना वाटलं.

काका नियमाप्रमाणे सगळ्यांत आधी वळले. रूळ मोकळे होते. वळणापर्यंत नुसतं ऊन, आणि एक कुत्रं दोन रुळांच्या मधून सावकाश चाललेलं. काका खांबाला धरून वळणाकडे बघत वाट पाहत राहिले.

तेव्हा बाईंचं हसणं थांबलं. थट्टा करणारा माणूस वाट बघत नाही.

"कवळीवाले," बाई म्हणाल्या, "रोलर आहे तो. रस्त्याचा." हे त्यांच्या पाठीला सांगून झालं. मग बाई कुंपणाला लागून त्यांच्या नजरेसमोर वाकल्या आणि तेच पुन्हा म्हणाल्या, सावकाश, वर्गात शेवटच्या बाकाला सांगावं तसं.

काकांनी खांबावरचा हात काढून खिशात घातला. मग ते हसले, सलूनवाल्याहून मोठ्यानं. "मग? फसवलं की नाही?" चहा त्यांनीच पाजला. स्वतःचा अर्धा ठेवून निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी मोटर चालूच राहिली. काकू हात पुसत दारात आल्या आणि काकांच्या नजरेत येईपर्यंत उभ्या राहिल्या.

"आज कान धुवायचे नाहीत?"

"काम आहे."

टेबलावर एकच वाटी होती आणि तिच्यातली कवळी आदल्या दिवशीच पुरी झालेली होती. काका तीच पुन्हा पुन्हा चाकाला लावत होते. काकू आत गेल्या. त्या कुंपणाच्या नावानं त्यांनी आयुष्यभर बोटं मोडली होती. मलाही तिथंच नेऊन बांधा म्हणजे माझ्याशीही कधी बोलाल, असं त्या म्हणत. आता आठवडा गेला, दुसरा गेला, आणि मोटर अंधार पडेपर्यंत घरघरत राहिली, तेव्हा एका दुपारी त्यांनी भिंतीतला खटकाच खाली ओढला. घर एकदम गप्प झालं. काका वाट बघत बसले, वीज येईल म्हणून. काकूंनी त्यांच्या पुढ्यात येऊन सांगितलं, "मी घालवलीय. उठा. कानाच्या डॉक्टरकडे जायचंय."

डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. काका प्रामाणिकपणे बसून राहिले. बटण फार वेळा दाबावं लागलं नाही. मग कानामागं अडकवायचं यंत्र मिळालं. सुरुवातीला खुपेल, डॉक्टर म्हणाले, सगळं विचित्र वाटेल, पण काढू नका, सवय होईल.

"हे वाक्य मी किती जणांना ऐकवलंय!" घरी येऊन काका म्हणाले. "टोचतंय म्हणून आलेल्याला, चव लागत नाही म्हणून रडणाऱ्याला. सवय होईल! जसं काही मी स्वतः लावून बघितलं होतं."

एका सकाळी, मंडळी नसतील अशा वेळी, ते यंत्र लावून एकटेच कुंपणाशी जाऊन आले. काकू फाटकातच उभ्या होत्या. नवऱ्याच्या गाडीची चौकशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केली असेल. "कशी होती?"

"डब्यात खिळे घालून हलवावेत तशी." काका बूट काढत खाली बसले. "दमेकरीही तशीच, मुकीही तशीच. सगळ्यांना एकच कवळी बसवलीय."

यंत्र त्यांनी कवळीच्या रिकाम्या डबीत ठेवून दिलं. माप द्यायला कुणी आलं, किंवा काकूंनी डबी समोर आणून आपटली, की लावत. संध्याकाळी पुन्हा डबीत.

सलूनवाला आला तो त्याच्या सुट्टीच्या दिवशी, कात्रीची पिशवी घेऊन. केस वाढलेत म्हणाला, आणि काकांना त्यांच्याच खुर्चीत बसवून गळ्याभोवती चादर बांधली. पण त्याला बोलायचं होतं, आणि मागून बोललेलं काकांना कळत नव्हतं. त्यामुळे दर वाक्याला तो कात्री हवेत धरून पुढं येई, बोले, आणि पुन्हा मागं जाई.

"मी हसलो म्हणून येत नाही का?"

"हसण्यासारखंच होतं."

"मला काय माहीत, काका? माहीत असतं तर हसलो नसतो."

"तेच वाईट झालं असतं."

सलूनवाला मागं गेला, चार केस कापले, परत पुढं आला. "आम्ही ठरवलंय. आता तोंड करून उभं राहायचं. गाडीकडे. सगळ्यांनीच."

काका चादरीसकट अर्धे उठले. "मग तिकिटं लावा, सगळं गाव येईल! गाडीकडे तोंड करून कुणीही बघतं. माझ्यासाठी म्हणून नियम मोडलात तर मी तिकडं फिरकणार नाही."

"तसेही कुठं फिरकताय?"

 काका खाली बसून म्हणाले, "मागचे जरा बारीक कर." येण्याजाण्यात केस एका बाजूला जास्तच बारीक झाले होते. दुसरी बाजू जुळवता जुळवता सलूनवाल्यानं इतके कापले की काकू म्हणाल्या, बरं झालं, यंत्र आता नीट दिसेल.

बाई आल्या त्या नंतर पाच-सहा दिवसांनी. खालची कवळी टोचतेय, असं त्या दारातूनच म्हणाल्या. काकांनी त्यांना उजेडाकडे बसवलं, कवळी काढून घेतली, बोटानं कडा तपासल्या, हिरड्या बघितल्या. पुन्हा बसवून चावायला लावलं.

"बाई, ही उत्तम आहे. कुठं टोचते?"

"कुठंच नाही." बाईंनी रुमालानं तोंड टिपलं. "तिकडं रोज भांडण होतंय, पंच नाही म्हणून आले. तो न्हावी बेलाशक खोटं बोलतो. मी म्हणते दमेकरी, तो म्हणतो सासूबाई, वळेपर्यंत इंजिन पुढं निघून गेलेलं असतं. पूर्वी तुम्ही बोललात की वादच नसायचा. आता कुणीतरी आधीपासून रुळांकडे बघत उभं राहायला हवं. तुमचे डोळे धड आहेत ना?"

काकांनी ओठ वाचले, आणि मग डोळे खाली केले. "बाई, दया नको."

बाईंनी टेबलावर दोन बोटं वाजवली, त्यांनी वर बघावं म्हणून. "दया करायला मला वेळ नाही. तीनदा चहा मी पाजलाय, आणि तिन्ही वेळा मी बरोबर होते."

 बाई गेल्यावर काकांनी मोटर लावली.

त्या दिवशी ते गेले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. मग एका दुपारी मोटर बंद झाली. मी जिन्यावरून उतरत होते. काका नेहमीसारखे झाकणावर हात ठेवून उभे होते, मान कलती, डोळे मिटलेले. पण आता कानातली घरघर निथळत नव्हती. मोटर बंद असो की चालू, ती आतूनच वाजत असे, झोपेतसुद्धा. कान धुऊन झाले हे कळायचं कसं? ते तसेच उभे राहिले, फार वेळ. काकू दारात आल्या, बघितलं. पुढं होऊन त्यांनी काकांचा हात झाकणावरून उचलला, तिथं आपला तळवा टेकवून बघितला, आणि मानेनंच सांगितलं: थांबलीय. जा.

त्या दिवसापासून पट्टीवरची मांडणी बदलली. बाई आणि सलूनवाला पहिल्यासारखे कुंपणाला टेकून, रुळांकडे पाठ करून. काका त्यांच्या समोर, गोदामाच्या भिंतीशी, रुळांकडे तोंड करून. गाडी आली की दोघांपैकी कुणीतरी बोले, काका बघत, आणि बोट वर किंवा खाली करत. सलूनवाल्यानं एकदा वर केलेल्या बोटावर हरकत घेतली. काका म्हणाले, "पंचाशी वाद घालणाऱ्याला दोन चहा." बाईंना हा नियम फार आवडला.

"मग, दिसतात का गाड्या नीट?" काकूंनी त्या आठवड्यात विचारलं. त्या आता समोर बसून, हातातलं काम ठेवून विचारायला लागल्या होत्या.

"गाड्या काय बघायच्या," काका म्हणाले. "मी तोंडं बघतो. बाईंच्या कपाळावर गाडी आधी येते. इथं, भुवईच्या वर. सलूनवाला दात आवळतो. आणि जोडी असली ना, की दोघं एकमेकांकडे चोरून बघतात, आधी कोण बोलतंय म्हणून."

"म्हणजे ते बोलायच्या आधीच तुम्हाला कळतं?"

"हो. पण पंचानं बोलायचं नसतं."

सगळं पूर्वीसारखं झालं, असं मात्र नाही. काका दमलेले असत, आणि ती दमणूक झोपेनं जाण्यातली नव्हती. तोंडं बघण्याचं काम आता त्या पट्टीवरही सुटलं नव्हतं. काही दिवस ते फक्त एवढ्यासाठी जात की न जाण्याचं कारण सांगत बसावं लागेल. मधल्या काळात मुक्या वाढल्या. दमेकरी आठवड्यातून एखादी येई, मग तीही दिसेनाशी झाली, आणि भांडायलाही फारसं काही राहिलं नाही. तिघं बराच वेळ नुसते समोरासमोर उभे असत. बाई भिंतीकडे बघत, काका बाईंकडे, आणि सलूनवाला दुकानात कुणी गिऱ्हाईक तर थांबलं नाही ना, या काळजीत. पण कुणी आधी निघत नसे. अंधार पडायला लागला की बाई म्हणत, "चला, आज काही दम नाही," आणि तिघं चहाच्या टपरीकडे वळत, काका मध्ये, दोन्हीकडची तोंडं दिसावीत म्हणून.

एका दुपारी काका जेवून पडले ते उठलेच नाहीत. काकूंना वाटलं, आज उशिरा जाणार असतील. टेबलावर चार वाट्या पाण्यानं भरलेल्या होत्या. त्यातल्या चारही कवळ्या काकूंनी ज्याच्या त्याच्या घरी नेऊन पोचवल्या, आणि प्रत्येक घरी दारात उभं राहून ती नीट बसते का ते बघून आल्या. बाई आणि सलूनवाला अजून कुंपणाशी जातात. भिंतीशी कुणी उभं राहत नाही, त्यामुळे चहा कुणी पाजायचा यावरून त्यांची रोज वादावादी होते आणि शेवटी आपापला पितात.

आदल्या संध्याकाळी काका नेहमीसारखे घरी आले होते. बूट काढून भिंतीला लावले, यंत्र डबीत ठेवलं, हात धुतले. बाईंच्या बोलण्यातलं काहीतरी सांगायला लागले आणि कंटाळून अर्ध्यावरच सोडून दिलं. दिवा मालवून पडल्यावर त्यांच्या कानातली घरघर सुरू झाली असणार, कारण काही वेळानं ते कोपरावर उठले. काकू दारापाशीच होत्या. रोज रात्री ते त्यांना एकच गोष्ट विचारत. काकू पुढच्या खोलीत जाऊन झाकणावर हात टेकवून येत आणि अंधारात त्यांच्या मनगटाला दोनदा थोपटून सांगत. त्याही रात्री त्यांनी विचारलं.

"मोटर बंद आहे ना गं? बघ जरा."